‘एक’ ऐवजी ‘अर्धा’ वाचावे

उत्तर सीमेवरच्या त्या ठाण्यावर माझी पोस्टिंग साडेतीन वर्षं होती. मी व्हेईकल मेकॅनिक, हुद्दा हवालदार. वर्कशॉपमध्ये नऊ माणसं, बावीस गाड्या आणि एक लोखंडी कपाट. कपाटात गाड्यांची मॅन्युअल्स असत. चावी माझ्याकडे.

0600 ला फॉल-इन, 0700 ला इंजिनं गरम करायची, 0730 ला गाड्या बाहेर. बिघाड कुठलाही असो, माझा नियम एकच: आधी पुस्तक उघड, मग पाना उचल. अंदाजानं नट आवळणाऱ्याला मी दिवसभर गाड्या धुवायला लावत असे. जवान माझ्या पाठीमागे मला ‘पंडितजी’ म्हणत. मला ते कळत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

रघुनाथ पाटील, हुद्दा नायक, पाण्याची गाडी चालवायचा. फोपनारचा. घरापासून इतक्या लांब आपल्या बुऱ्हाणपूरकडचा माणूस भेटला, की सख्खा भाऊ भेटल्यासारखं वाटतं. सुट्टीवरून येताना तो माझ्यासाठी केळीचे वेफर आणायचा, निम्मे रस्त्यातच फस्त करून. ‘पंडितजी’ तो मला तोंडावरच म्हणे. त्याचं इंग्रजी जेमतेम. पण मॅन्युअलमधली चित्रं तो तासन्‌तास बघत बसे. त्याच्या हाताला यंत्राची जाण होती, माझ्यापेक्षा थोडी जास्तच.

छापील पुस्तकातही चुका असतात. फौजेत त्यासाठी वरून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येतात. त्या कापून चुकीच्या ओळीवर चिकटवायच्या आणि रजिस्टरमध्ये सही करायची. त्या हिवाळ्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. सात चिकटवल्या आणि बाटलीतला डिंक गोठला. उरलेल्या चार मी लिफाफ्यात घालून ड्रॉवरमध्ये टाकल्या. सही मात्र अकराही चिठ्ठ्यांची केली. उद्या चिकटवू म्हटलं. तीन आठवडे गेले, ते माझ्याकडून झालं नाही.

त्या दिवशी 0840 ला पुढच्या चौकीवरून फील्ड टेलिफोन आला.

“रघुनाथ बोलतो, पंडितजी. स्टिअरिंग डगडग करू राह्यलं. ड्रॅग लिंक ढिली है.”

ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या टोकाच्या वाटीत एक गोळा बसतो आणि वाटीला आट्यांचं बूच असतं. बूच पूर्ण आवळायचं, मग थोडं उलटं फिरवायचं, मग पिन घालायची. फार उलटं फिरवलं तर गोळा वाटीतून निसटतो आणि गाडी वळत नाही.

“सामान आहे?”

“पाना है, नवी पिन है. उलटं किती फिरवू? मले तर अर्धा फेरा पुरे वाटते.”

“वाटतं-बिटतं सोड. थांब जरा.”

मी पुस्तक आणलं, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं.

“एक फेरा.”

“पूरा एक?”

“पुस्तकात एक आहे. एकच.”

“बरं. एक फेरा.” त्यानं फोन ठेवला.

0955 ला चौथ्या वळणावर गाडी दरीत गेली. गाडीत तो एकटाच होता. दोर लावून आम्ही खाली पोचलो तेव्हा 1120 झाले होते. तो गेलेला होता. मी गाडीखाली वाकून पाहिलं. गोळा वाटीबाहेर होता. पिन नवी होती, तिची टोकं व्यवस्थित दुमडलेली होती. रघुनाथच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

1500 ला मी वर्कशॉपमध्ये परतलो आणि ड्रॉवर उघडला. लिफाफ्यातली तिसरी चिठ्ठी तीच होती. पृष्ठ 112, ओळ 9: ‘एक फेरा’ याऐवजी ‘अर्धा फेरा’ वाचावे.

मी डिंकाची बाटली खोली गरम करणाऱ्या बुखारीजवळ ठेवली. पाच मिनिटांत डिंक पातळ झाला. मी चारही चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते.

“तुम्ही त्याला काय सांगितलं?”

“पुस्तकात आहे तेच, सर.”

त्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तकात अर्धा होता, गाडीवर एक निघाला. रजिस्टरात माझी सही अपघाताच्या तीन आठवडे आधीची होती. टेलिफोनवर आम्ही दोघंच होतो. अहवालाची शेवटची ओळ झाली: चालकाची चूक. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो.

निवृत्तीनंतर मी बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात राहतो. हल्ली लोक घरच्या घरी गाडी दुरुस्त करायला लागले आहेत आणि पुस्तक शोधायला माझ्याकडे येतात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिवा बदलण्यापलीकडे फारसं काही नसतं. मेकॅनिकसाठी छापलेलं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं. ते आपल्याच मॉडेलचं आणि आपल्याच इंजिनाचं हवं. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या प्रतीत नेमकं हवं तेच पान गायब असतं, म्हणून आधी पानं मोजा. रद्दीत मिळालं तर ग्रीसचे अंगठे उमटलेलं उचला. कोरं करकरीत पुस्तक बहुधा कुणी वापरलेलंच नसतं. आणि शुद्धिपत्रक आहे का, ते सगळ्यात आधी बघा. हे शेवटचं मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. म्हातारा चळलाय असं लोकांना वाटत असेल.

गेल्या महिन्यात सकाळी प्रमोद आला. रघुनाथचा मुलगा. बाप गेला तेव्हा सहा वर्षांचा होता, आता शाळेत मास्तर आहे. त्यानं जुनी कार घेतली आहे.

“काका, ब्रेकचं काम सोता करनं है. यूट्यूबवर चार जनं चार प्रकार सांगतात. सही वालं पुस्तक पाहिजे.”

“गॅरेजला का नाही देत?”

“शिकनं है मले. पन आई घाबरते. म्हनते, तुह्या बापानं अंदाजानं काम केलं आन जीव गमावला. तू पुस्तक आनल्याशिवाय हात लावू नको.”

मॅन्युअल माझ्या हातातच होतं. मी ते टेबलावर ठेवलं, त्याला बसायला सांगितलं आणि 0840 पासून सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“मतलब बाबाले अर्धाच वाटत होता?”

“हो.”

“आन तुम्ही एक सांगितला.”

“हो.”

तो उठला. पुस्तक त्यानं घेतलं नाही. दारात थांबून म्हणाला, “आईले तुम्हीच सांगा. मी नही सांगनार.”

दुसऱ्या दिवशी 0900 ला मी फोपनारला गेलो. प्रमोदची आई, कमलवहिनी, ओट्यावर गहू निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“बावीस वर्सं मी त्यायच्यावर रागावून राह्यली,” त्या म्हणाल्या. “फोटोपुढे दिवा लावू आन मनात बोल लावू. तुम्ही तवाच का नही सांगितलं?”

“भ्यालो, वहिनी.”

मला माफी मागायची होती. मी नुसते हात जोडले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“सांगू नका. लिहून द्या. मोठ्या अक्षरात. गावाले वाचता आलं पाहिजे.”

म्हणून हे लिहिलं आहे. चौकशी करणाऱ्या कार्यालयालाही एक प्रत पाठवली आहे. माझं काय व्हायचं ते होवो. आज त्याच्या नावापुढे एवढंच लिहितो.

नायक रघुनाथ पाटील, फोपनार. चौकशी अहवाल, शेवटची ओळ: ‘चालकाची चूक’ याऐवजी ‘हवालदार सुधाकर महाजन याची चूक’ असे वाचावे.