नाव लिहून न घेणारी बाई

मी नावं सांगत होतो आणि समोर बसलेल्या बाईने पेनाला टोपण लावलं. एवढ्या वयात माझ्या तोंडासमोर असं कोणी केलं नव्हतं. पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाजूला आमचं घर. रस्त्याला जमिनी गेल्या, पण माझ्या शब्दाचं वजन काही रस्त्यात गेलं नाही. मी एखाद्याला सांगितलं की अमक्याला भेट, तर तो भेटतो. आणि ही विम्याच्या पॉलिस्या विकणारी बाई, जिचं घर नवीन गिऱ्हाइकांवर चालतं, ती मला म्हणते, "काका, थांबा. या लोकांना तुम्ही विचारलंय का?"

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? माझी माणसं आहेत."

"तुमची आहेत म्हणूनच विचारा. नंबर त्यांचा आहे ना. ते हो म्हणाले की मला कळवा, मग मी फोन करीन."

ही आमची पॉलिसीवाली बाई. गावात तिला नुसतं बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. राहायची नवीन पनवेलला. नवऱ्याची तळोज्यातली कंपनी बंद पडली तेव्हापासून घराचा भार तिच्यावर आला. जुन्या स्कूटरवरून उन्हातान्हात गावोगाव फिरायची. माझा मुलगा डंपर चालवतो. त्याच्या नावाने मी तिच्याकडून पॉलिसी घेतली. मी चौथी शिकलेला माणूस, कागदातलं मला फारसं कळत नाही. पण बाईने समजावलं ते सगळं कळलं. काय मिळणार याच्याआधी काय मिळणार नाही ते तिने सांगितलं. मी मनात म्हटलं, अशी विकायला लागली तर ही काय विकणार.

नवीन गिऱ्हाईक मागायची तिची एक रीत होती. वर्षातून एकदा यायची, पॉलिसीचं सगळं नीट आहे ना ते बघायची आणि मग सरळ विचारायची, "काका, माझं काम पटलं का तुम्हाला?" पटलं म्हटलं तरच पुढे बोलायची. "मग तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का, ज्याच्या जिवावर घर आहे आणि ज्याची पॉलिसी नाही? असेल तर आधी तुम्ही त्यांच्याशी बोला." नसेल म्हटलं तर चहा पिऊन जायची. पुन्हा विषय नाही. आमच्या गॅरेजवाल्याचं नाव मी दिलं, तिच्या रीतीप्रमाणे विचारून दिलं. तिने त्याला फोन केला तो असा, "काकांनी सांगितलं की तुम्ही हो म्हणालात, म्हणून फोन केला. आता नको वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा." तो गडी म्हणाला, नको वाटतंय. बाईने आभार मानून फोन ठेवला. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. अहो, माणसाला नको म्हणायला स्वतःहून शिकवायचं, हा कुठला धंदा?

दुसरे एजंट मी पाहिलेत. एक यायचा, तो पहिल्या हप्त्यातले अर्धे आपल्या खिशातून परत देतो म्हणायचा. दुसरा कुकर द्यायचा. आमची बाई द्यायची कॅलेंडर. ते पण सगळ्यांना एकच. मी तिला तीन घरं मिळवून दिली, मला एक कॅलेंडर. आमच्या समोरचा दामू, ज्याने जन्मात कोणाचं नाव दिलं नाही, त्यालाही तेच कॅलेंडर. मी विचारलं, "बाई, मी आणि दामू सारखेच?"

"कॅलेंडरापुरते सारखेच," ती म्हणाली. "नावाच्या बदल्यात काही दिलं तर उद्या तुम्ही नाव कोणासाठी देताय तेच मला कळणार नाही. आणि पॉलिसी घ्यावी म्हणून गिऱ्हाइकाला वस्तू द्यायला तर कायद्यानेच बंदी आहे. माझी एजन्सी जाईल."

घ्यायच्या बाबतीतही तसंच. भात झोडून झाल्यावर मी तिच्या घरी नव्या तांदळाची गोण पाठवली. बाईने ती त्याच टेम्पोतून परत पाठवली. आमच्याकडे दिलेली वस्तू परत आली म्हणजे भांडणच झालं असं समजतात. मी फोनवर जे बोलायचं ते बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, गोण नको. जेवायला बोलवा, येईन." थंडीत आम्ही शेतावर पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. तेव्हा तिला बोलावलं. नवऱ्याला घेऊन आली आणि हात काळे होईपर्यंत शेंगा खाल्ल्या. जाताना आमच्या बायकोने डब्यात शेंगा भरून दिल्या, तेवढ्या मात्र घेतल्या. गोण नाही आणि डबा चालतो, हा हिशेब मला कधी समजला नाही.

आणखी एक खोड म्हणजे एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायची नाही. माझा धाकटा भाऊ बाळाराम वरच्या आळीत राहतो. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून आमचं फाटलं ते कायमचं. तो म्हणाला, दरवर्षी तुझाच का? तेव्हापासून मी त्याच्या दारावरून जात नव्हतो. बाई आली की मी तिच्यापुढे त्याचा उद्धार करायचो. ती कप हातात धरून ऐकायची. मी विचारायचो, "वरच्या आळीत कोणाकोणाच्या पॉलिस्या आहेत हो तुमच्याकडे?" तर म्हणायची, "आज चहात गवती चहा घातलाय वाटतं."

मग ते वर्ष आलं. बाईच्या ऑफिसात नियम होता, वर्षभरात ठरलेल्या नवीन पॉलिस्या झाल्या नाहीत तर एजन्सी बंद. त्या वर्षी नवरा आजारी, बाईचं फिरणं कमी झालेलं. तिने रडगाणं गायलं नाही, मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मार्चपर्यंत झालं तर झालं. नाहीतर दुसरं काम बघावं लागेल." दुसरं काम म्हणजे काय, या वयात कोण देतं?

माझ्या नातवाची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात. मी बँड थांबवला, माईक घेतला आणि सांगितलं, "आपली पॉलिसीवाली बाई सगळ्यांना ठाऊक आहे. या महिन्यात जो तिच्याकडून पॉलिसी घेईल, त्याला माझ्याकडून एक मिक्सर." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बाईचा फोन वाजायला लागला. मी खारघरहून मिक्सर आणून खोकी ओटीवर रचून ठेवली.

बाई नवऱ्याच्या आजारपणामुळे हळदीला आली नव्हती, मिक्सरचं तिला ठाऊक नव्हतं. ती खुशीत आली. पहिल्याच घरी, शांताच्या ओटीवर, फॉर्म भरता भरता शांता म्हणाली, "ताई, मिक्सर तीन भांड्यांचा हाय ना?" बाईने फॉर्म बाजूला ठेवला आणि सगळं विचारून घेतलं. मग ज्यांनी ज्यांनी फोन केला होता त्या प्रत्येक घरी गेली. सांगितलं, मिक्सर मिळणार नाही. पॉलिसी हवी असेल तर मी आहे. तशी कोणालाच नको होती. शांता तेवढी म्हणाली, "मिक्सर नाय तर नाय, कुकर तरी जमतोय का बघा."

मग बाई माझ्याकडे आली. खोक्यांकडे बघत उभी राहिली. बसली नाही.

"काका, हे काय केलंत?"

"तुमची एजन्सी वाचवली. माझ्या पैशाने. कायद्याचं काय गेलं?"

"माझ्या पॉलिसीसाठी तुमच्या हातून दिलं तरी ते मीच दिल्यासारखं. आणि ते पॉलिसी घेतच नव्हते हो, मिक्सर घेत होते. दुसऱ्या वर्षी हप्ता भरला नसता कोणी. पैसे बुडले असते."

"बुडले असते तर माझे मिक्सर बुडले असते."

"आणि त्यांचा हप्ता?"

मी म्हटलं, "गावासमोर माईकवर दिलेला माझा शब्द तुम्ही घरोघरी जाऊन पुसलात. आता या घराची पायरी चढू नका."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. ते खरोखर पाळलं, हे आणखी. भांडताना बोललेलं कोणी पाळतं का? मिक्सरची खोकी मी पुढे नवरात्रात बायकांच्या खेळांना बक्षीस म्हणून देऊन टाकली. शांताला मिळाला एक.

मार्चच्या शेवटी शेवटी बाई दारात आली. पायरी चढली नाही, खाली अंगणात उभी राहिली. आमची बायको पाणी घेऊन खाली गेली. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, एक पॉलिसी कमी पडतेय. माझं काम पटलं होतं असं तुम्ही म्हणाला होतात. ज्याला खरंच गरज आहे असा एक माणूस सांगा. विचारून."

मी म्हटलं, "गावभर माणसं दिली तेव्हा नको झाली. आता कोणी उरला नाही." तिने आग्रह केला नाही. स्कूटरला किक मारत होती, ती लागत नव्हती.

एक उरला होता, हे मला ठाऊक होतं. बाळाराम. पण त्याचा नंबर द्यायचा तर आधी त्याला विचारायला हवं. दुसरा कोणी एजंट असता तर मी कागदावर नंबर खरडून मोकळा झालो असतो. हिच्यापायी मला माझ्या धाकट्या भावाच्या दारात जावं लागणार होतं. संध्याकाळी चप्पल घातली. बायकोने कुठे म्हणून विचारलं, तर तिच्यावरच ओरडलो.

बाळाराम ओटीवर बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. म्हटलं, "बोलायला आलो नाही. पॉलिसीवाल्या बाईला तुझा नंबर देऊ का, एवढं सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादूस, माझी पॉलिसी बाईकडंच हाय. लय वर्सं झाली."

"कोणी सांगितलं तुला बाईचं?"

"वहिनीनं. आधी मला इचारलं, मग बाईला नंबर दिला."

आता मी बसलो. म्हणजे इतकी वर्षं बाई आमच्या दोघांच्या घरी येत होती. याच्या ओटीवरून उठून माझ्या ओटीवर. मी याला शिव्या देतोय आणि ती चहातल्या गवती चहाचं कौतुक करतेय. मी विचारलं, "माझ्याबद्दल तू काय बोलायचास तिच्याजवळ?"

बाळाराम म्हणाला, "तू माझ्याबद्दल काय बोलायचास?"

त्याच्या बायकोने चहा आणला.

बाईचं काम अडलंय म्हटल्यावर त्याला जावई आठवला. जासईला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, पदरी दोन लहान मुलं, पॉलिसी नाही. याच्याइतकी गरज कोणाला असणार? जावयाला फोन लावला तर तो माल घेऊन गुजरातच्या बाजूला गेलेला, रेंज नाही. मग आम्ही बाईलाच लावला. बाळाराम म्हणाला, "ताई, जावयाचा नंबर घ्या. तुमी कागद तयार ठेवा, टाइम नाय."

"ते हो म्हणालेत का?"

"गाडीवर हाय. हो म्हणंल ना. मी सासरा हाय त्याचा."

"मग ते म्हणाले की सांगा," बाई म्हणाली.

मी फोन हिसकावून घेतला. "बाई, एजन्सी जाईल तुमची."

"जाईल काका. पण माणूस गाडीवर असताना त्याच्या नावाचा कागद मी कसा करू?"

जावई परत आला तेव्हा मार्च संपला होता आणि बाईची एजन्सी बंद झाली होती. तो लगेच हो म्हणाला. बाईने त्याला तिच्या माहितीतल्या एका चांगल्या एजंटाकडे पाठवलं. पॉलिसी झाली, दुसऱ्याच्या खात्यावर. तिला त्यातलं काही मिळालं नाही. देत असेलही तो एजंट, हिने घेतलं नसणार, हे मी न विचारता सांगतो.

नंतर बाई नवऱ्याला घेऊन नाशिकला गेली, बहिणीकडे. तिथे एका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. जाण्याआधी गावातल्या आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आली. आमच्याकडे आली तेव्हा मी स्वतः खाली उतरून तिला वर घेऊन आलो. यापेक्षा जास्त काही मी करणार नव्हतो आणि केलंही नाही.

आता संध्याकाळी मी बाळारामकडे जातो, नाहीतर तो येतो. पालखीचं आमचं अजून ठरलेलं नाही, त्यावर रोज वाजतं. एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे, की बाईने आपल्या हाताने आपला धंदा बुडवला. परवा असंच बोलता बोलता बाळाराम म्हणाला, "बाईला फोन लावू का?"

"कशाला? शिव्या द्यायला?"

"तर काय."

लावला. तिकडून बाई म्हणाली, "कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "आम्ही दोघं."

दुकानातला आवाज येत होता. ती म्हणाली, "दोघं एकत्र बसलाय?"

"हो. बाळारामच्या ओटीवर."

"बरं झालं," ती म्हणाली. मग गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

एजन्सी गेली, गाव सुटलं, या वयात दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायची वेळ आली, आणि म्हणते बरं झालं. बाळाराम म्हणाला, "हिला काय बोलायचं, दादूस?"