मुक्या नळ्या

आमच्या चर्चमधला ऑर्गन मरायला टेकलाय, असं पाद्रीसाहेबांना मीच सांगितलं होतं. विदर्भातलं एक जुनं मिशन बंद पडलं, तेव्हा तो पेट्यांतून भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरला. तेव्हा इथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मी आठवडाभर रिवेट ठोकायचो आणि रविवारी ऑर्गन वाजवायचो. मागे बसून भाता मारायची माझी बायको. पुढे ऑर्गनच्या बारक्या नळ्या एकेक करून गप्प होत गेल्या. धुळीमुळे म्हणावं, तर मोठ्या नळ्या ठणठणीत. मग माझा संशय चौकीदारावर गेला, हाच आतल्या शिसं धातूच्या लोभाने नळ्या ढिल्या करत असणार. नंतर बायकोवर. तिला भाता मारायचा कंटाळा आला असेल. विचारलं की म्हणायची, "वाजते ना, तुमाले अजून काय पायजे?" माझं डोकंच फिरायचं. शेवटी देवाचाही संशय आला. माझी स्तुती त्याला नकोशी झाली असेल. त्या नळ्यांत हवा सोडणारी खुंटी ओढणंच मी सोडलं, आणि माझ्या शब्दावर पाद्रीसाहेबांनी ऑर्गन भंगारात द्यायचं ठरवलं.

भंगारवाला यायच्या आदल्या दुपारी मी ती खुंटी शेवटची म्हणून ओढली. बायको भाता मारत होती, मी वरच्या पट्ट्या दाबत होतो. काहीच नाही. तेवढ्यात जवळच्या रुआबांधा वस्तीकडे पायी निघालेला एक अनोळखी माणूस पाणी मागायला आला आणि दारातच कान झाकून उभा राहिला. मला वाटलं, हा भंगारवाल्याचाच माणूस, टेहळणीला आलेला.

"भाऊ, थे बारकी शिट्टी बंद करा ना. कानात टोचून राहिली."

"कोनती शिट्टी?"

"आता वाजून राहिली थेच."

मी बोट उचललं. "हं, थांबली," तो म्हणाला. पुन्हा दाबलं, त्याने पुन्हा कान झाकले. बायकोने भाता सोडला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. मलाही. नळ्या मुक्या नव्हत्या, रिवेट ठोकून ठोकून मीच बारक्या सुरांना बहिरा होत चाललो होतो.

तो माणूस पाणी पिऊन निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही. त्याला कोणी धाडलं, याचा वाद मी घालत नाही. भंगारवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढे भात्याचं चामडं फाटलं, वाळवी लागली, हार्मोनियम आला आणि ऑर्गन उतरवलाच. पण तोवर दर रविवारी मी ती खुंटी ओढली, मला न ऐकू येणारे सूर बोटांच्या भरवशावर वाजवले. प्रभूचे उपकार मानावे तेवढे थोडे. प्रार्थनेलाही आता उत्तरासाठी कान टवकारून बसत नाही. माझं काम वाजवायचं. ऐकायचं त्याच्यावर सोडलंय.