शंकरपाळ्यांचा बंगला, वर्तकनगर ते डोंबिवली

माणकोलीवरून डोंबिवलीला आता पुलाने जाता येतं, तेव्हा खुशाल जा. नव्वद साली आम्ही गेलेलो तेव्हा होडीशिवाय पर्याय नव्हता.

डोंबिवलीला माझ्या भाचीचं लग्न. रुखवतात मांडायला माझ्या बायकोने, सुनंदाने, महिनाभर खपून बंगला केलेला. शंकरपाळ्यांच्या विटा, पाकाचं सिमेंट, अंगणात चांदीचा वर्ख लावलेली इवलीशी विहीर. खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर म्हणाला, "बंगल्याचं फुल तिकीट लागेल. आणि उभ्यानेच जावं लागेल त्याला." सुनंदा तिथूनच घरी परतली.

"अहो, काढा तुमची ती गाडी. पण एक शंकरपाळी जरी निखळली ना, तर लग्नाला येऊच नका तुम्ही."

गाडी म्हणजे बोटीवरच्या मेहुण्याने जपानहून आणलेली, डोंगरात पळवायची मोटरसायकल. ऑटोमॅटिक क्लच! लिव्हरच नाही. रेस दिली की क्लच आपोआप धरतो, सोडली की सुटतो. आदल्या दिवशी तो मी स्वतः ॲडजस्ट केलेला. स्क्रू फिरवून झाला, पण त्यावर आवळायचा नट काही सापडेना. घर पालथं घातलं. म्हटलं मरू दे, एका नटाने काय होतंय!

माजिवड्यापर्यंत झकास. खारेगावच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात तो स्क्रू हलत गेला असणार. कारण माणकोली नाक्यावर वडापाव घ्यायला रेस सोडली, तर गाडी आपली चालूच. ब्रेक दाबला तरी ढुशा देत पुढे.

"अहो, थांबा ना!"

"मी थांबलोय गं! ही थांबत नाहीये!"

बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद पडली की अर्धा तास किक मारत बसावं लागे. मग टपरीला फेऱ्या मारल्या. एका फेरीत ऑर्डर दिली, दुसरीत वडे घेतले, तिसरीत सुटे. वडा मात्र अप्रतिम होता.

खाडीवर होडीवाल्याने फळी टाकली आणि गाडी स्वतःच होडीत चढली. चढली ती थेट आधीच आत बसलेल्या सुनंदाच्या मांडीवरच्या बंगल्याकडे निघाली. मी मागून धरतोय, होडीवाला पुढून ढकलतोय, होडी डुलतेय.

"बंगला! अहो, माझा बंगला!" सुनंदा रडकुंडीला आलेली.

शेजारी पाटी घेऊन बसलेली कोळीण ओरडली, "अरं दादूस, बंद कर ना ती गारी!"

"सुरू नाही होणार मग, मावशी!"

"मंग नको होवं!" म्हणत तिने हात घालून चावीच काढली. किती शांत वाटलं म्हणून सांगू! तिने होडीवाल्याला पाटीतला एक बोंबीलही दिला, घाबरलेला म्हणून.

पलीकडून डोंबिवलीपर्यंत मी गाडी ढकलत नेली. सीटवर बंगला, बाजूने त्याला धरून सुनंदा. एक शंकरपाळी हलली नाही. मला लग्नाला येऊ दिलं.

मांडवात सगळ्या बायका रुखवताभोवती जमल्या. "अगंबाई, विहीर किती हुबेहूब! कशाची केलीस?" मी वाकून पाहिलं. वर्खाखाली सहा कोन दिसत होते, आणि आत आटे.

"ओट्यावर पडलेलं होतं काहीतरी," सुनंदा म्हणाली. "मला वाटलं, कुकरचं असेल."

बंगला वऱ्हाडाने त्याच संध्याकाळी फस्त केला. गाडी पुढे भंगारात गेली. विहीर तेवढी भाचीच्या सासूबाईंनी देवघरात ठेवली. आजही डोंबिवलीला गेलो की त्या म्हणतात, "आधी विहिरीच्या पाया पडा." मी पडतो. सुनंदा शेजारी उभी राहून तोंडाला पदर लावते.