वन्संचं रूप

जव्हार संस्थानात राजेसाहेबांच्या खालोखाल सुखी माणूस म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं. आणि सुखी असायला त्यांच्याकडे होतं काय? लहानपणीच लग्न झालं, पाठोपाठ देवी आल्या आणि तोंडाची पार चाळण करून गेल्या. ते पाहून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, ते कायमचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नाकापर्यंत पदर ओढून चुलीशी बसलेल्या असायच्या. मी चारचौघींत देखणी. मला त्यांची कीव यायची, आणि कीव करायला बरंही वाटायचं.

पुढे आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि घरातल्या सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी, त्याच नदीत, वन्संच्या मागोमाग मीही उतरले. पाण्यातून वर येताना त्यांचा पदर खांद्यावर घसरला. त्या तशाच उभ्या राहिल्या, वर आभाळाकडे पाहिलं आणि हसल्या. तो पदर पुन्हा कधी तोंडावर गेला नाही. त्या नदीतून नव्या होऊन बाहेर आल्या. मी पडसं घेऊन.

तेव्हापासून जगात कुरूप असं काही त्यांना दिसेनाच. पाण्याला गेल्या की खुरासणीच्या पिवळ्या शेताशी उभ्या राहायच्या. चुलीशी बसवावं, तर भाकरी तव्यावर टाकून त्या अंगणात पळायच्या आणि तिथून हाक यायची, "वहिनी, बाहेर या, भोपळ्याला फूल आलंय!" जसा काही दारात पाहुणाच आला आहे. इकडे भाकरीचा कोळसा. केसांत रानफूल खोवायच्या. उपासनेत सगळ्यांहून मोठ्यानं आणि सगळ्यांहून बेसूर गायच्या, तरी पाळकसाहेब म्हणायचे, "या गातात तेव्हा देऊळ भरल्यासारखं वाटतं." माझा गळा गोड आहे, हे पाळकसाहेबांच्या कधी कानावर पडलं नाही. एकदा मोखाड्याच्या बाजारात एका वारली म्हातारीनं विचारलं, "बाय, तोंडाला काय झालं गो तुझ्या?" मी शरमेनं मान फिरवली. वन्सं म्हणाल्या, "देवी आल्या होत्या, मावशी. मग देव आला." म्हातारी खुदकन हसली आणि ओंजळभर करवंदं तिनं त्यांच्या ओटीत घातली. मी शेजारीच उभी होते. मला एकही नाही.

मग माझ्या थोरल्या लेकीला देवी आल्या. धाकटा अंगावर पीत होता, म्हणून मला तिच्या खोलीत जायची बंदी. वन्संना एकदा येऊन गेल्या होत्या, पुन्हा यायची भीती नव्हती. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी दाराबाहेर बसून पोरीचं कण्हणं ऐकायची आणि देवाला विनवायची. एका सकाळी आतून वन्संचं गाणं ऐकू आलं, आणि त्यावर पोरीचं हसणं. लेक वाचली होती. मी देवाचे आभार मानले. पण तिचं पहिलं हसू माझ्यापाशी आलं नाही, हेही मनात आलंच.

पोर बाहेर यायच्या आधी मी आरसा लपवला होता. वन्संनी तो शोधून तिच्या हातात दिला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि ओरडली, "आई, मी आत्यासारखी झाले!" एखादीला दागिना मिळावा तशी.

मी मागच्या अंगणात जाऊन रडले. तिच्या गालांसाठी रडले, आणि लेकीनं आईसारखं व्हायचं असतं म्हणूनही. वन्सं येऊन शेजारी बसल्या.

"वन्सं," मी म्हटलं, "आपण एकाच पाण्यात उतरलो. मग तुम्हालाच कसं मिळालं हे?"

"मी काही केलं नाही हो, वहिनी. मला वाटायचं, देव माझ्याकडे बघायचाच नाही. त्यानं बघितलं. कृपा म्हणतात ती एवढीच." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळेच बघायचे. त्या गर्दीत त्याचं बघणं तुम्हाला कळलं नसेल."

मला राग आला, आणि रागातच मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

वन्सं गेल्या तेव्हा पार सूर्यमाळच्या पाड्यांवरून माणसं आली. अखेरची अंघोळ मी घातली. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याचा हेवा केला, त्याला माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. किती मऊ होता तो! "पाणी गार नाही ना, वन्सं?" मी विचारलंदेखील.