पास झालेली पावलं

समुद्रकाठच्या पोव्वा द वार्झिम गावच्या मासळीबाजारात देओलिंदा क्राव्हेरूसमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. अपवाद एकच, शेजारच्या ओट्यावरची झुल्मिरा. दोघी वीस वर्षं एकमेकींच्या तारल्यांना शिळ्या म्हणत आल्या होत्या, आणि एकीनं सुट्टी घेतली की दुसरीला दिवस खायला उठायचा.

देओलिंदाला आईकडून दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक म्हणजे पावलांचा आजार. पोव्वाच्या कोळ्यांत तो पिढ्यानपिढ्या आहे. यकृत एक बिघडलेलं प्रथिन बनवतं, ते नसांवर साचत जातं. आधी तळव्यांना गरम-थंड कळेनासं होतं, मग पाय जातात, मग माणूस. आई एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. दुसरी गोष्ट म्हणजे तो आजार लपवायच्या युक्त्या. लग्नाच्या मुलीची चाल निरखायला गल्लीतल्या बायका टपलेल्याच असत, तेव्हा वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून आईनं पोरीला लहानपणीच तालीम दिली. बुटाची नाडी करकचून बांध, नजर दोन पावलं पुढे ठेव, पाण्यात आधी कोपर बुडव, आणि त्या आजाराचं नाव मेलीस तरी तोंडातून काढू नकोस.

बेचाळिसाव्या वर्षी देओलिंदाचे तळवे बधिर झाले, तोवर गोळ्या निघाल्या होत्या. चार वर्षं तिनं त्या गावाला न कळता घेतल्या. तिचा आजार काही त्यांना जुमानला नाही, पण हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दर सहा महिन्यांनी पोर्तोच्या इस्पितळात तपासणी व्हायची आणि दर वेळी बाई पहिल्या नंबरानं पास.

गोळ्या पुरेनाशा झालेल्यांसाठी नवं इंजेक्शन आलं होतं, तीन महिन्यांतून एकदा. तिथल्या डॉक्टरीणबाई ग्रासा मेइरेलिश यांनी ते तिला तिच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन समजावलं होतं. लिलावाची चिठ्ठी बघून माल निघतो, तसा त्या प्रथिनाचा हुकूमही शरीरात चिठ्ठीनं जातो. इंजेक्शन ती चिठ्ठीच वाटेत फाडतं. जन्मापासूनची खोट तशीच राहते, गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, पण पुढचं साचणं पुष्कळ कमी होतं. मात्र ते मिळायला आजार वाढल्याचं कागदावर दिसावं लागतं. आणि देओलिंदाच्या कागदावर सगळं झकास होतं.

संत पेद्रूच्या जत्रेत घरोघरी दारात तारल्या भाजत होत्या. देओलिंदाच्या चपलेत निखारा पडला आणि ती मजेत गप्पा मारत उभी राहिली. कातडी जळल्याचा वास आला म्हणून तिची बावीस वर्षांची मुलगी व्हानिया खाली वाकली. तिनं निखारा झटकून टाकला. घरी मलम लावताना बोलली.

"छान पास होतेस आई. आजीपण मरेपर्यंत पासच होत होती." मग पट्टी बांधता बांधता म्हणाली, "खोट माझ्यातही आहे. मला कधी शिकवणार, नाडी करकचून बांधायला?"

दुसऱ्याच आठवड्यात देओलिंदा पोर्तोला गेली आणि माझ्या पायांना काहीच कळत नाही म्हणाली. डॉक्टरीणबाई अडचणीत पडल्या. मोठ्या नसा यंत्र मोजतं, पण गरम-थंड ओळखणाऱ्या बारीक नसांसाठी पेशंटच्याच शब्दावर चालावं लागतं. सहा महिन्यांपूर्वी सगळी उत्तरं बरोबर होती, आज सगळी चूक. महागडं औषध मंजूर करणारे म्हणणार, बाई नाटक करतेय.

"माझ्या खोट्यावर चार वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवलात," देओलिंदा कडाडली, "आणि आता खऱ्याला पुरावा मागता? बसा खाली. मी शिकवते तुम्हाला."

आणि तिनं शिकवलं. पायाला लावायच्या काचेच्या नळीत गरम पाणी भरायचं असलं की तुमची नर्स नळ जास्त वेळ सोडते, मी कान देऊन असते. गरम नळी ती वरच्या कडेला बोटांनी धरते, थंड नळी मुठीत. पापणीच्या फटीतून दिसतं. तो थरथरणारा चिमटा पायाला लावता, त्याचा गुणगुणाट थांबला की मी म्हणते थांबला. आईशी आपण बेइमानी करतोय असं वाटत होतं, तरी एकही युक्ती तिनं हातची राखली नाही.

मग नळ्या बाहेरून भरून आणल्या, डोळ्यांवर पट्टी आली, कानात कापूस. गुडघ्यापर्यंत तिला काही कळलं नाही. इतकं वर चढलं असेल हे तिलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिहा."

इतरांनाही असंच तपासलं तर चालेल का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. देओलिंदा जरा घुटमळली. झुल्मिरा बुटाची नाडी कशी बांधते, हे तिनं केव्हाच पाहून ठेवलं होतं. तपासा, म्हणाली, एकेकीला तपासा.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. देओलिंदानं पोटात पहिलं इंजेक्शन घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी झुल्मिरा भर गिऱ्हाइकांत तिच्या ओट्यासमोर येऊन उभी ठाकली. आदल्या दिवशी तीही बाजारात नव्हती.

"घरभेदी मेली! कानात कापूस घातला मला त्या बाईनं. नळाचं तिला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. आणि पुन्हा सांगेन."

"आपल्या आयांनी जन्मभर जपलं ते!"

"म्हणून तर दोघी लवकर गेल्या. आपण डॉक्टरांना फसवलं, झुल्मिरा. आजार कुठे फसला?" मग देओलिंदा गिऱ्हाइकांकडे वळली आणि तारल्यांचा भाव सांगावा त्या आवाजात म्हणाली, "मला पावलांचा आजार आहे. ज्याला माझी मासळी नको असेल त्यानं पुढे व्हावं."

कुणी हललं नाही. मग एका म्हातारीनं एक किलो तारल्या मागितल्या.

झुल्मिरा आपल्या ओट्यावर जाऊन खवले काढत बसली. मान वर न करता तिनं विचारलं, "टोचताना दुखतं का गं?"

"दुखतं. पोटात अजून कळतं मला. तुला कुठवर कळतं?"

झुल्मिरानं सुरी खाली ठेवली, वाकली आणि पोटरीच्या मधोमध बोट ठेवलं.