तळ्याच्या कागदाचं ठिगळ

शाळेतून निवृत्त झालो आणि कंधारजवळच्या आमच्या शेतात शेततळं घेतलं. तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदातलं मला काडीचंही कळत नव्हतं. जे काही कळलं ते देगलूरच्या एका वयस्कर मिस्त्रींमुळे. दुकानदाराने पुढे केलेले तुकडे ते नखाने दाबत, ताणत, दुमडून उजेडात धरत. एक पातळ तुकडा त्यांनी माझ्या हातात परत दिला. "गुरुजी, ह्यो दोन उन्हाळे बी काढनार न्हाई. जाडच घ्या."

अंथरण्याआधी त्यांनी तळ्याच्या उतारावरून अनवाणी फिरून खडा न् खडा वेचला. कागदाचे जोड गरम मशीनने चिकटवले आणि "ओकटी, रेंडू, मूडू" असे तेलुगूत मोजत प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. जाताना बजावलं, "काठाचा कागद मातीत गाडलेला ऱ्हाऊ द्या, शेवाळ आलं तर मऊ झाडूच मारा, अन् कुंपनाच्या आत जनावर येऊ देऊ नका." मी मान डोलावली. चाळीस वर्षं मुलांना सूचना देणारा माणूस दुसऱ्याच्या सूचना कितपत ऐकतो, ते मलाच ठाऊक.

विहिरीच्या पाण्याने तळं काठोकाठ भरलं. ते बघून गावातल्या एका शेजाऱ्याने आपल्या तळ्याचं काम याच मिस्त्रींना द्यायचं ठरवलं.

मग पोळ्याचा आदला दिवस आला, खांदेमळणीचा. त्या दिवशी बैल धुवायचे आणि जुवाने सोललेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची. सगळं गाव ओढ्यावर निघालं होतं. मला वाटलं, घरचं निळंशार पाणी असताना आपले बैल गढूळ ओढ्यात कशाला? मिरवायची हौस, दुसरं काय. कुंपणाचं फाटक उघडून एका बैलाला मी पाण्याकडे नेलं. पहिल्याच पावलाला तो उतारावरून घसरला आणि पोटापर्यंत पाण्यात गेला. बाहेर यायला त्याने इतकी धडपड केली की माझ्या हाताला कासऱ्याचे वळ उठले. नाल मारलेले खूर कागदावर करकरत होते. शेवटी एकदाचा तो वर आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी गुपचूप फाटक लावलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी उतरायला लागलं. बायकोने विचारलं, गावाने विचारलं. चहाच्या हॉटेलात मी चढ्या आवाजात म्हणालो, "जोड सुटलाय. मिस्त्रीचं काम कच्चं." तोंडातून शब्द गेले आणि मला स्वतःचीच किळस आली. पण मी ते परत घेतले नाहीत.

निरोप मिळताच मिस्त्री बसने आले, मशीन डोक्यावर घेऊन. काठावर पाच-सात माणसं जमली होती. पाणी जिथे उतरायचं थांबलं होतं, तिथे ते थेट जाऊन उकिडवे बसले. गाळ पुसला. खाली दोन चिरा होत्या, नालासारख्या वाकड्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"जोड सुटला का, मिस्त्री?" शेजाऱ्याने वरून विचारलं.

तळहात चिरांवर तसाच ठेवून ते म्हणाले, "न्हाई. खाली खडा ऱ्हायला आसंल. माझीच नजर चुकली."

एवढ्या माणसांत माझी लाज त्यांनी झाकली, आणि मी ती झाकू दिली. त्यांनी ठिगळ लावलं, चहासुद्धा न घेता निघून गेले. शेजाऱ्याने काम दुसऱ्याला दिलं. ते ऐकून मी जेवलो नाही, पण खरं बोलण्याऐवजी उपाशी राहणं सोपंच होतं.

वर्षभर ते ठिगळ मला रोज दिसत होतं. पुढच्या खांदेमळणीला त्याच बैलाच्या खांद्याला लोणी चोळत होतो. जुवाने दुखलेल्या मानेची आपण दरवर्षी एवढी मनधरणी करतो आणि एका माणसाचं नाव आपण खराब केलं, त्याचं काय? हात पुसले आणि तसाच हॉटेलात गेलो. शेजाऱ्यासमोर, सगळ्यांसमोर सांगितलं की कागद माझ्या बैलाने फाडला, मिस्त्रींची काही चूक नव्हती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. वर्षभर मनात जुळवलेलं एकही वाक्य धड निघेना. "मिस्त्री, त्या चिरा..." एवढंच म्हणालो.

"म्या तवाच वळखलं होतं, गुरुजी," ते म्हणाले. "लोकांपुढं इचारता आलं न्हाई, ते वरीसभर डोक्यात हाय. बैलाच्या पायाला लागलं तर न्हवतं ना?"

 त्या दिवशी मी कागद तपासला होता, कासरा तपासला होता. बैलाचा पाय मी बघितलाच नव्हता.