साहेबाचा भाव

“बाई, हात नका लावू. घ्यायचा असेल तर बोला, नाहीतर पुढं व्हा.”

स्कूटर लावून मी दुकानाच्या दारात पोचलो तेव्हा हे कानावर पडलं. धुळ्यातलं कूलरचं दुकान. आत अक्का उभी होती. माझी मोठी बहीण, शिंदखेड्याहून सकाळच्या एसटीनं आलेली. पत्र्याचं घर, त्यात एप्रिल. कापूस वेचून तिनं कूलरपुरते पैसे बाजूला टाकले होते.

“हाऊ कितलाले शे, भाऊ?” अक्कानं अहिराणीत विचारलं.

“साडेसात हजार. एक रुपया कमी नाही. तुमच्याकडे लाईट तरी असते का?”

गल्ल्याजवळचे दोघं हसले.

मी आत गेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. “नमस्कार. या कूलरची किंमत काय?”

शेठ उठून उभे राहिले. “बसा साहेब. पाणी द्या रे साहेबांना. सहा हजार. तुमच्याशी काय जास्त बोलायचं?”

तोच कूलर. इथंच पत्रा कापून बनवलेला, छापील किंमत नसलेला. मी मनात वजाबाकी केली आणि मला आनंद झाला. राग नाही, आधी आनंद. वाटलं, अक्काचे दीड हजार वाचवले.

अक्का जवळ आली. “बापू, माले तं साडेसात सांगं त्यानी.”

शेठनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, “थांबा हो बाई, मी बोलतोय ना.”

बाई. जिच्या कडेवर वाढलो, तिला.

शेठ माझ्याकडे वाकले. “गावाकडच्यांना चढवूनच सांगावं लागतं, साहेब. घासाघीस फार करतात.”

मी मान हलवली. हो म्हणून.

अक्का दुकानातून निघून गेली. रस्त्यावर मी तिला गाठलं. ती रडत नव्हती. फक्त विचारलं, “मी तुनी कोन शे, बापू?”

किराणावाल्यानं चुकून दोन रुपये जास्त दिले तरी मी परत नेऊन देतो. हिशोबाला चोख म्हणून मिरवतो. आणि घरात मुलं अक्कासारखं बोलली की मीच दटावतो, “नीट बोला.” शेठनं दोन भाव आज लावले. मी केव्हाचे लावतोय.

मी परत दुकानात गेलो. मोठ्यानं बोललो. “हाई मन्ही अक्का शे. आम्हले तुमना कूलर नही पायजे.”

शेठ हसले. “अरे वा! साहेब, तुम्हालाही येते ती भाषा?”

“येते नाही. माझीच आहे. मलाही तुम्ही साडेसातच सांगायला हवे होते.”

बाहेर आलो तर अक्का नव्हती. स्टँडवर गेलो. शिंदखेड्याची गाडी सुटून गेली होती.

दुसऱ्या दुकानातून कूलर घेऊन पाठवतो, असं मी फोनवर म्हणालो. पलीकडून अक्का म्हणाली, “बाईले कसाले पायजे कूलर?” आणि फोन ठेवला. उन्हाळा तिनं पत्र्याखालीच काढला.

आता कुठल्याही दुकानात मी भाव अहिराणीतच विचारतो. मुलांनाही तेच सांगितलंय. कुणी साहेब म्हणून खुर्ची पुढं केली तर बसत नाही. अक्काला सांगतील तोच माझा भाव. तो चढवलेला असेल तर तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्याच बोलीत भांडणार. साहेबाचा भाव मला नको. स्वस्त असला तरी नको.